या सिस्टीमचे अक्षर कोणाचे?

महापालिका कोट्यवधी रुपयांची नवी संगणक प्रणाली घेते, तेव्हा ती कोणाच्या सल्ल्याने घेते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सल्ला चुकला, तर त्याची किंमत मात्र घरपट्टीच्या बिलातून आपल्यापर्यंत पोहोचतेच.

घरपट्टीचे बिल हातात घेऊन नाना दारात उभे राहिले, तेव्हा चहाचे आधण नुकतेच ठेवले होते. नाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षे एका नगरपालिकेत कारकुनी करून ते निवृत्त झाले. आवाज चढवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. पण त्या दिवशी चढला होता.

"हे बघ," बिल माझ्यापुढे धरत ते म्हणाले, "मार्चमध्ये भरलेली घरपट्टी यात थकबाकी म्हणून दाखवली आहे, आणि वर व्याज लावले आहे. पावती माझ्याकडे आहे. वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. खिडकीवरचा मुलगा म्हणतो, 'आजोबा, पावती बरोबर आहे, पण सिस्टीममध्ये दिसत नाही.' अरे, आमच्या वेळी वहीत चूक झाली, तर ती कोणाची हे अक्षरावरून कळायचे. या सिस्टीमचे अक्षर कोणाचे, ते सांग मला!"

मला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवसापासून नानांचा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. कारण असे अक्षर असते. फक्त ते दिसत नाही. प्रणाली तयार करणारी कंपनी एक असते, ती आपल्या पालिकेत बसवून देणारी बहुधा दुसरी असते, आणि या दोघींच्याही आधी आलेला एक तिसरा असतो. शहराला काय हवे, ते कसे मागवावे, कोणाकडून घ्यावे आणि केव्हा सुरू करावे, हे सांगणारा हा सल्लागार. वर्तमानपत्रात बातमी येते ती पहिल्या दोघांची. हा तिसरा पडद्यामागेच राहतो. आजचा हा लेख त्याच्याविषयी आहे.

एक नोंद, दहा वह्या

आधी ही प्रणाली म्हणजे काय, ते साध्या शब्दांत पाहू. संगणकवाले तिला 'ईआरपी' म्हणतात. नावाने दबून जाण्याचे कारण नाही. महापालिकेत लेखा विभाग असतो, आस्थापना असते, भांडार असते, करवसुली, पाणीपुरवठा, बांधकाम, दवाखाने, शाळा असतात. वर्षानुवर्षे या प्रत्येकाची वही वेगळी राहिली. पालिकेच्या दवाखान्यासाठी इंजेक्शनच्या सुया आल्या, की भांडारपाल आपल्या वहीत लिहिणार, बिल लिपिक आपल्या, लेखापाल आपल्या; आणि अंदाजपत्रकात तेवढी तरतूद शिल्लक आहे का, हे चौथ्याच वहीत पाहायचे. वर्षअखेरीला या चार वह्या जुळल्या तर भाग्य!

ईआरपी म्हणजे या सगळ्यांची मिळून एकच वही. सुया भांडारात आल्याची नोंद एकदाच होते. पुरवठादाराचे देणे, भांडारातला साठा आणि तरतुदीतली वजाबाकी ही सारी त्या एका नोंदीतून आपोआप निघते. जुन्या पेढीवरचे मुनीमजी रोजकीर्दीवरून खतावणी करीत, तेच काम. फक्त शहराच्या आकाराचे आणि क्षणात होणारे.

फायदा उघड आहे. पण या फायद्यातच धोकाही दडलेला आहे. नोंद एकदाच होऊन सगळीकडे जाते, त्याचप्रमाणे चूकही एकदाच होते आणि सगळीकडे जाते. जुन्या वहीतली चूक तिच्या पानातच राही. नव्या वहीतली चूक घरोघरी बिल होऊन पोहोचते.

आपल्याकडे शहरांना या वाटेवर आणले ते मुख्यतः राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनंतरच्या काळाने. १९९२ च्या या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान मिळाले. पुढे डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. निधी हवा असेल, तर दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब आणि ई-शासन या सुधारणा करा, अशी अट त्यात होती. अट योग्यच होती. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा आहे. एवढा कारभार सुट्या वह्यांवर चालवणे कोणालाच शक्य नाही. प्रणाली हवी की नको, हा वाद केव्हाच संपला आहे. ती घ्यायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

आणि येथेच सल्लागार लागतो. माणूस घर बांधतो ते आयुष्यात एकदा; ठेकेदार घरे बांधतो रोज. सिमेंटचे प्रमाण, लोखंडाचे वजन, करारातली बारीक अक्षरे हे सारे ठेकेदाराला पाठ असते आणि घरमालकाला परके असते. शहराचेही तसेच. अशी प्रणाली एखादे शहर पंधरा-वीस वर्षांतून एकदा घेते. ती विकणाऱ्याचा मात्र तोच रोजचा धंदा असतो. म्हणून आपल्या बाजूने बोलणारा जाणकार सोबत हवा, हे तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. अडचण येते ती तो खरोखर आपल्याच बाजूने बोलतो आहे का, आणि त्याचे बोलणे समजण्याइतकी आपली तयारी आहे का, या दोन ठिकाणी. परदेशातल्या दोन मोठ्या शहरांनी या दोन्हींचे धडे भारी किंमत देऊन घेतले आहेत.

बर्मिंगहॅमचा सदरा

पहिले शहर इंग्लंडमधले बर्मिंगहॅम. अकरा लाखांवर वस्तीचे शहर. तेथील नगरपरिषद युरोपातील सर्वांत मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक. १९९९ पासून तेथे 'सॅप' या कंपनीची प्रणाली चालू होती. ती बदलून 'ओरॅकल' कंपनीची नवी प्रणाली घ्यायचे ठरले. सुरुवातीचा अंदाज सुमारे २ कोटी पौंडांचा होता. तो पुढे जवळजवळ दुप्पट झाला. एप्रिल २०२२ मध्ये प्रणाली सुरू झाली, आणि बँकेत जमा झालेली कोणती रक्कम कोणाची व कशापोटी आली, हेच तिला नीट जुळवता येईना. जे काम यंत्राने करायचे, ते करायला माणसे बसवावी लागली. वर्षाचे हिशेब वेळेवर पुरे होईनात. सारे दुरुस्त करण्याचा खर्च धरून आकडा १० कोटी पौंडांच्या पुढे गेला.

सप्टेंबर २०२३ मध्ये या परिषदेने, कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च थांबवत असल्याची नोटीस काढली. आपल्या भाषेत, हात वर केले. त्याचे मुख्य कारण स्त्री-पुरुष समान वेतनाच्या दाव्यांची प्रचंड देणी हे होते. सारे खापर संगणकावर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण प्रणालीच्या गोंधळानेही त्या संकटात भर घातली, आणि ऐन अडचणीच्या वेळी आपल्या तिजोरीत नेमके किती आहे हे सांगणे परिषदेला कठीण झाले. २०२४-२५ मध्ये तेथील नागरिकांचा स्थानिक कर ९.९९ टक्क्यांनी वाढला. पाठोपाठ सेवांमध्ये मोठी कपात आली. ज्या गृहिणीने ओरॅकलचे नावही ऐकले नव्हते, तिलाही बिल पोहोचले.

चूक कोठे झाली? तयार प्रणाली घ्यायची आणि आपल्या कामाच्या पद्धती तिच्याप्रमाणे बदलायच्या, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात उलटे झाले. जुन्या सवयी सुटेनात. म्हणून नवी प्रणालीच ठिकठिकाणी उसवून जुन्या मापाने शिवण्यात आली. नवा सदरा आणायचा आणि जुन्या सदऱ्याची ठिगळे त्यावर लावायची, तसा हा प्रकार! शेवटी परिषदेला, ठिगळे न लावता तीच प्रणाली पुन्हा नव्याने बसवण्याचा निर्णय घ्यावा लागला. शिवाय पुरती तयारी नसताना ती सुरू केली गेली. बाहेरची जाणकार मंडळी मदतीला नव्हती असे नाही. उणीव होती ती त्यांना उलट प्रश्न विचारू शकेल, त्यांचे उत्तर तपासू शकेल, अशा घरच्या माणसांची. रोग्याने डॉक्टर व्हावे असे कोणी म्हणत नाही. पण कोठे दुखते आहे, एवढे तरी त्याला सांगता आले पाहिजे.

कुंपणानेच शेत खाल्ले

दुसरे शहर न्यूयॉर्क. तेथील पालिकेने १९९८ मध्ये 'सिटीटाइम' नावाचा प्रकल्प हाती घेतला. कर्मचारी कामावर केव्हा आले, केव्हा गेले, याची कागदी नोंद बंद करून ती संगणकावर घ्यायची, एवढाच हेतू. अंदाज ६ कोटी ३० लाख डॉलरचा. बारा-तेरा वर्षांत खर्च ६० कोटी डॉलरच्या पलीकडे गेला.

ठेकेदाराच्या कामावर नजर ठेवण्यासाठी पालिकेने बाहेरचे सल्लागार नेमले होते, हे खरे तर शहाणपणाचे पाऊल. पण २००६ मध्ये कराराचे स्वरूप बदलले. ठरलेल्या कामाला ठरलेली रक्कम हे जाऊन, जितके तास काम तितके पैसे, असे झाले. काम लांबण्याचा तोटा ठेकेदाराच्या खांद्यावरून उतरून शहराच्या खांद्यावर आला. आणि ज्याने माणसे व तास कमी ठेवायला सांगायचे, तो देखरेख करणारा सल्लागारच वाढत्या तासांमागे दलाली खात होता. डिसेंबर २०१० मध्ये अटका झाल्या. २०१३ मध्ये सल्लागारासह तिघे दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांना प्रत्येकी वीस वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्याआधी, २०१२ मध्ये, मुख्य ठेकेदार कंपनीने खटला टाळण्यासाठी ५० कोटी डॉलर मोजले होते. त्यातले बरेचसे शहराला परत मिळाले. कामगारांच्या तासांची नोंद अचूक व्हावी म्हणून आणलेल्या प्रकल्पात खोट्या तासांचीच बिले निघाली, यापेक्षा मोठा विनोद कोणता!

बर्मिंगहॅममध्ये बाहेरच्यांना जाब विचारणारे घरचे माणूस नव्हते. न्यूयॉर्कमध्ये राखणदारच फितूर झाला. दोन्हीकडे पैसा मात्र नागरिकांचा गेला.

मग सल्लागार नकोच का?

असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. डॉक्टर चुकतो म्हणून कोणी वैद्यकशास्त्र सोडत नाही. प्रश्न आहे तो सल्लागार कसा नेमावा आणि त्याच्याकडून काय मागावे, हा. याविषयी माझे म्हणणे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, सल्लागाराने पुढच्या खरेदीत कोणत्याही रूपाने भागीदार असता कामा नये. आज सल्ला द्यायचा आणि उद्या त्याच सल्ल्याचा ठेका आपल्याच भावंड कंपनीने घ्यायचा, याला सरकारी खरेदीच्या नियमांत मज्जाव आहे. पण नियम कागदावर असणे आणि त्याची खात्री करून घेणे, यांत अंतर असते. सल्लागाराने आपले सर्व व्यावसायिक संबंध लेखी जाहीर करावेत आणि ती घोषणा नागरिकांना पाहता यावी.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीवर सल्लागाराला पैसे दिले, तर खर्च वाढण्यात त्याचे हित होते. तासांवर दिले, तर काम लांबण्यात. टप्प्याटप्प्याच्या ठरलेल्या कामाला ठरलेली रक्कम हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग. आणि सल्लागार निवडताना सर्वांत कमी दराचा हट्ट नको. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनीही सल्लासेवेच्या बाबतीत गुणवत्ता आणि दर दोन्ही तोलण्याची मुभा दिली आहे. घरात कोणाचे ऑपरेशन असेल, तर आपण निविदा मागवून सर्वांत स्वस्त सर्जन शोधतो का?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सल्लागाराचे पहिले काम प्रणाली सुचवणे हे नव्हेच. आज काम कसे चालते, हे कारकुनाच्या शेजारी बसून लिहून काढणे, हे ते काम. त्यातली कोणती रीत कायद्याने बांधलेली आहे आणि कोणती नुसती सवय आहे, हे वेगळे करणे, हे दुसरे. एखाद्या नस्तीवर सात सह्या लागतात. त्यांतल्या तीन कायदा मागतो आणि चार कधी काळी कोणी साहेबाने सुरू केल्या म्हणून चालू आहेत, हे कळल्याशिवाय ती नस्ती संगणकावर नेली, तर सातही सह्या संगणकावर जातात. गोंधळाचे संगणकीकरण केले की वेगवान गोंधळ हाती येतो.

चौथी गोष्ट, जुन्या नोंदी स्वच्छ करण्याचा वेळ आणि पैसा करारात स्वतंत्र धरला पाहिजे. एकाच घराची तीन नावांनी नोंद, वारलेल्या माणसाच्या नावावरचे नळजोड, 'पाटील' आणि 'पाटिल' अशी दोन खाती, हा सारा केरकचरा नव्या घरात तसाच नेला, तर नवे घर चार दिवसांत जुने होते.

पाचवी गोष्ट, सल्लागाराला 'आता सुरू करू नका' असे म्हणण्याचा हक्क हवा, आणि त्याचे हे मत स्थायी समितीपुढे व सर्वसाधारण सभेपुढे जसेच्या तसे गेले पाहिजे. उद्घाटनाची तारीख, पाहुण्यांची वेळ आणि कोनशिलेवरचे नाव ठरले, की 'नाही' म्हणणारा आपल्याकडे नकोसा होतो. मुंबईसह राज्यातल्या अनेक महापालिकांचा कारभार २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवक प्रश्न विचारतातच असे नाही. पण सभागृहच नसले, तर विचारणार कोण?

आणि शेवटची गोष्ट, सल्लागाराने जाताना ज्ञान मागे ठेवून जावे. पालिकेचे पाच-सहा कर्मचारी पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत असावेत आणि त्यांची मध्येच बदली होऊ नये. करार संपला, तर शहराच्या सर्व नोंदी वाचता येतील अशा रूपात शहराला परत मिळाव्यात. नाहीतर सल्लागार जातो, कंपनी राहते, आणि पालिका तिची कायमची कूळ होऊन बसते.

आपल्याच घरातले धडे

हे सारे आपल्याला जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. या शतकाच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार उभा केला, तेव्हा राज्यभरातून लोक तो पाहायला जात असत, आणि राज्य सरकारने तोच नमुना इतर शहरांपुढे ठेवला. केरळने १९९९ मध्येच 'इन्फर्मेशन केरळ मिशन' स्थापून स्थानिक संस्थांसाठी राज्याची स्वतःची यंत्रणा उभी केली. १ जानेवारी २०२४ पासून तेथील शहरांत 'के-स्मार्ट' ही समाईक प्रणाली सुरू झाली. प्रत्येक प्रणालीत त्रुटी असतात, याही असतील. पण प्रत्येक गावाने स्वतंत्र सल्लागार, स्वतंत्र निविदा आणि स्वतंत्र चुका करण्याऐवजी जाणकारांचा एक कायमचा चमू राज्याने पोसावा, हा विचार मोलाचा आहे. मुंबई, पुणे आपला सल्लागार नेमू शकतील. पंचवीस हजार वस्तीच्या नगरपरिषदेने काय करायचे? तिला विकणाऱ्याच्या सल्ल्यावरच विसंबावे लागते. आणि लोणच्याच्या दुकानदाराला आज जेवणात काय करू असे विचारले, तर तो लोणचेच सांगणार!

वाचकहो, यात आपलेही काही कर्तव्य आहे. रस्त्यावर खड्डा पडला, की आपण ठेकेदाराचे नाव विचारतो. आपल्या शहराने नवी प्रणाली घेतली, तर सल्लागार कोण होता, त्याला किती आणि कशाबद्दल पैसे दिले, त्याने काय लिहून दिले, हेही विचारायला हवे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. तो फक्त खड्ड्यांसाठी नाही.

नानांच्या बिलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. चार फेऱ्यांनंतर उलगडा झाला. पालिकेने जुन्या प्रणालीतल्या नोंदी नव्या प्रणालीत हलवल्या होत्या त्या मार्चच्या मध्यावर. त्यानंतरचे पंधरा दिवस वसुली जुन्याच खिडकीवर, जुन्याच प्रणालीत चालू राहिली, आणि त्या पंधरवड्यातल्या पावत्या मागेच राहून गेल्या. नानांसारखे आणखी कितीतरी जण रांगेत उभे होते.

हे ऐकून नाना कपाळाला हात लावून हसले. "अरे, मार्चमध्ये कोणी वही बदलतो का? वर्षाची निम्मी वसुली तेव्हा येते. आमच्या कचेरीतल्या शिपायानेही सांगितले असते, पाडव्यापर्यंत थांबा म्हणून. त्याला कोणी विचारले असते तर!"

व्याज रद्द झाले. नव्या बिलावर शिक्का मारून घेऊन नाना घरी आले आणि जुनी पावती त्यांनी पुन्हा जपून पाकिटात ठेवली. "असू दे," ते म्हणाले, "पुढच्या वेळी कोणी विचारायला येईपर्यंत लागेल."